बाग, वाडा आणि पाणी : शनिवारवाडा ते पर्वती

पुणे शहराच्या स्थलनामांत ‘बाग’ हा शब्द जितक्या वेळा येतो, तितक्या बागा आज त्या शहरात नाहीत. तुळशीबाग ही बाजारपेठ आहे, बेलबाग हा चौक आहे, विश्रामबाग हा वाडा आहे. रमणबाग व मोतीबाग ही नावे शाळा, गल्ली व इमारती यांना चिकटून राहिली आहेत. माणिकबाग हा वसाहतीचा भाग झाला आहे. याच्या उलट, शनिवारवाड्याच्या तटाआड प्रेक्षकास विस्तीर्ण हिरवळ व फुलांचे ताटवे दिसतात आणि ते पाहून पेशव्यांचा बागेचा शौक मोठा होता, असा त्याचा समज होतो. हा समज सर्वस्वी खोटा नव्हे. परंतु ज्या जागेवरून तो होतो, ती जागा मात्र चुकीची असते. शनिवारवाड्यातील हिरवळ बहुतांशी जळालेल्या इमारतींच्या जोत्यांभोवती व जोत्यांवर पसरलेली आहे. आज जेथे बाग आहे तेथे घर होते आणि जेथे बाग होती तेथे आज घरे व दुकाने आहेत.

हा उलटा क्रम हेच पुण्याच्या नगररचनेच्या अभ्यासकास उपलब्ध असलेले एक महत्त्वाचे साधन होय. कागदपत्रांतून बागांचे खर्च, नेमणुका व इनामे कळतात. पण बाग कोठे होती, तिला पाणी कोठून येई आणि ती का नाहीशी झाली, या प्रश्नांची उत्तरे प्रत्यक्ष स्थलदर्शनावाचून पुरती मिळत नाहीत. शनिवारवाड्यापासून दक्षिणेस पर्वतीपर्यंतचे सरळ अंतर सुमारे तीन किलोमीटर आहे. एवढे अंतर पायी चालल्यास अठराव्या शतकातील पुण्याच्या बागा, देवालये व वाडे यांतील प्रमुख स्थळे एका ओळीत लागतात. कोणाही वाटाड्याची त्यासाठी आवश्यकता नाही. आवश्यकता आहे ती एका प्रश्नाची : या ठिकाणी पाणी कोठून येत होते?

(१) शनिवारवाडा : पाण्याचे शेवटचे टोक

थोरल्या बाजीरावांनी शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजी घातला आणि वास्तुशांती २२ जानेवारी १७३२ रोजी झाली. या पहिल्या बांधकामाचा खर्च १६,११० रुपये सांगितला जातो. ही रक्कम पुढील काळातील वाड्याच्या पसाऱ्याच्या मानाने लहान आहे. कारण चौक, माड्या, कारंजी व तटबंदी यांची भर त्यानंतरच्या पेशव्यांच्या कारकीर्दीत पडत गेली. तटाचा खालचा भाग दगडी व वरचा विटांचा आहे. चिरेबंदी वाडा बांधण्याचा अधिकार केवळ छत्रपतींचा असल्याने वरचे काम विटांत करावे लागले, ही आख्यायिका लोकप्रिय आहे. तिचा पुरावा काहीही असो, राजधानी सातारा असताना पुण्यात उभ्या राहणाऱ्या या वास्तूच्या अधिकाराविषयी लोकांच्या मनात शंका होती, एवढे तरी तिच्यावरून दिसते.

वाड्याचे पाच दरवाजे व नऊ बुरूज आजही मोजता येतात. दिल्ली दरवाजा उत्तरेस आहे. त्यावरील नगारखान्याचे लाकडी काम हे वाड्यातील शिल्लक राहिलेल्या मोजक्या अवशेषांपैकी होय. आतील इमारती मात्र १८२८ च्या आगीत भस्मसात झाल्या. त्यानंतर जवळजवळ शतकभर त्या आवाराचा विविध सरकारी कामांसाठी उपयोग झाला आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात पुरातत्त्व खात्याने माती उपसली, तेव्हा जोती, हौद व कारंजी उघडी पडली. यांतील हजारी कारंजे हे षोडशदल कमळाच्या आकाराचे आहे. सवाई माधवरावांच्या बालपणी ते बांधले गेले, असे परंपरा सांगते. ज्या पेशव्याच्या करमणुकीसाठी वाड्यात पाणी नाचविले गेले, तोच १७९५ च्या ऑक्टोबरात वाड्याच्या माडीवरून पडून दिवंगत झाला.

कारंजे पाहताना कलाकुसरीइतकेच लक्ष पाण्याच्या दाबाकडे जावयास हवे. मुठेचे पात्र वाड्यापासून जवळ आहे. परंतु ते खाली आहे. नदीचे पाणी कारंज्यात आपोआप चढत नाही. कारंजे उडण्यासाठी पाणी उंचावरून यावे लागते आणि पुण्याच्या भोवती अशी उंची दक्षिणेस आहे. नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दीत, अठराव्या शतकाच्या मध्यास, कात्रजच्या खोऱ्यात बांध घालून तेथील पाणी बंदिस्त दगडी नळाने शहरात आणण्यात आले. हा नळ जमिनीखालून जातो. काही ठिकाणी त्यात माणूस उभा राहू शकेल इतकी त्याची उंची आहे. हवेचा कोंडमारा होऊ नये म्हणून वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास उभारले होते आणि गाळ बसण्यासाठी हौद केले होते. कोणतेही यंत्र न वापरता केवळ उताराच्या आधारे हे पाणी सुमारे दहा किलोमीटर अंतर कापून पेठांतील हौदांत व शेवटी वाड्यात पोहोचे. फडके हौद, काळा हौद, सात तोटी हौद ही नावे त्या व्यवस्थेची साक्ष देतात. हौद गेले, नावे उरली. बागांच्या बाबतीत जे घडले, तेच येथेही घडले.

तेव्हा शनिवारवाडा हे पायी फेरीचे पहिले स्थान असले, तरी पाण्याच्या दृष्टीने ते शेवटचे टोक आहे. येथून दक्षिणेस निघणारा मनुष्य पाण्याच्या उलट दिशेने, उगमाकडे चालत असतो.

(२) बेलबाग आणि तुळशीबाग : बागेचे देवालय कसे झाले

वाड्याकडून बुधवार पेठेतून दक्षिणेस आल्यावर लक्ष्मी रस्त्यावर बेलबाग लागते. नाना फडणवीसांनी येथे १७६५ मध्ये लक्ष्मीनारायणाच्या देवालयाचे काम सुरू केले आणि ते १७६९ मध्ये पुरे झाले. रस्त्यावरून पाहता दुकानांच्या रांगेत दडलेला दरवाजा व त्यावरील नगारखाना एवढेच दिसते; आत गेल्यावर लाकडी खांबांचा सभामंडप आणि शिखरयुक्त गाभारा असे पेशवाई देवालयाचे नेहमीचे स्वरूप आढळते. विष्णूच्या देवालयास बेलाचे नाव असावे, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटते. कारण बेल शिवास प्रिय. परंतु हे नाव देवतेचे नसून जमिनीचे आहे. तेथे आधी बाग होती, देवालय मागाहून आले.

जवळच असलेल्या तुळशीबागेची कथा याच प्रकारची आहे. ही जागा मूळची खासगीवाल्यांच्या बागेची. नारो आप्पाजी खिरे यांनी १७६१ मध्ये येथे रामाच्या देवालयास आरंभ केला. सर्व काम पुरे होण्यास १७९५ साल उजाडले. बागेवरून खिरे हे तुळशीबागवाले झाले, म्हणजे जागेने घराण्याचे नाव बदलले. आज दिसणारे उंच शिखर मात्र पेशवाईतील नव्हे. ते नंदराम नाईक यांनी १८८४ च्या सुमारास बांधविले. शिखराच्या उंचीवरून पेशवेकालीन वैभवाचे अनुमान करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवले पाहिजे.

या दोन स्थळांचा एकत्र विचार केल्यास एक गोष्ट स्पष्ट होते. जानेवारी १७६१ मध्ये पानिपत झाले व त्याच वर्षीच्या जूनमध्ये नानासाहेब पर्वतीवर निवर्तले. त्यापूर्वी शहरातील मोठी कामे, म्हणजे तलाव, नळ, पर्वतीचे देवालय, ही प्रामुख्याने पेशव्यांच्या नावे आहेत. त्यानंतरच्या पिढीत शहराच्या मध्यभागी जी लक्षणीय देवालये उभी राहिली, त्यांचे कर्ते कारभारी आहेत : एक फडणीस, दुसरा सुभेदार. बाग ही खासगी मालमत्ता होती. तिचे उत्पन्न मालकाचे, तिचे फळ-फूल मालकाच्या इच्छेनुसार वाटले जाणारे. तिच्यात देवालय बांधले की जागा देवाची झाली, तिच्या आवारात लोकांचा राबता सुरू झाला आणि मालकाचे नाव शहराच्या नित्यव्यवहारात रुजले. राज्याची सत्ता ज्या वेळी एका हातातून अनेक हातांत जात होती, त्याच वेळी बागांची देवालये होत होती, हा केवळ योगायोग मानता येत नाही. बाग बांधणे हे श्रीमंतीचे लक्षण होते. ती देवाला देणे हे प्रतिष्ठेचे.

देवालय झाले की यात्रा येते आणि यात्रेमागून दुकान येते. तुळशीबागेभोवतीची भांडी, देवपूजेची उपकरणे व स्त्रियांच्या अलंकारांची दुकाने ही त्या पवित्र जागेवरील अतिक्रमणे नसून तिचीच संतती आहेत. या प्रक्रियेचा पुढील टप्पा पाहावयाचा तर शेजारची मंडई पाहावी. पूर्वी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरील पटांगणात भरत असे. तो हलवून १८८६ मध्ये खासगीवाल्यांच्याच जागेवर अष्टकोनी मनोऱ्याची ‘रे मार्केट’ ही इमारत उघडण्यात आली. जोतीराव फुले यांनी नगरपालिकेचे सभासद असताना या खर्चास विरोध केला होता आणि पुढे त्याच मंडईस त्यांचे नाव देण्यात आले. खासगीवाल्यांच्या जमिनीवर अशा रीतीने एकीकडे देवालय व दुसरीकडे बाजार उभा राहिला. ज्या फुलांची व फळांची लागवड शहरात होत असे, ती आता बाहेरून येऊन येथे विकली जाऊ लागली.

(३) विश्रामबाग : बाग गेली, वाडा राहिला

मंडईच्या पश्चिमेस बाजीराव रस्त्यावर विश्रामबागवाडा आहे. पूर्वी येथे हरिपंत फडके यांची बाग होती. दुसऱ्या बाजीरावाने ती जागा घेऊन एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हा वाडा बांधविला. १८०२ च्या ऑक्टोबरात हडपसरच्या लढाईत होळकरांनी पेशवे व शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला, पेशवा पुणे सोडून गेला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह करून इंग्रजांच्या आश्रयाने तो परत आला. विश्रामबाग हे या परत आलेल्या पेशव्याचे बांधकाम आहे. शनिवारवाड्याभोवती तट व बुरूज आहेत, दरवाजावर अणकुचीदार खिळे आहेत. विश्रामबागेस यांतले काहीच नाही. तो थेट रस्त्याला भिडलेला आहे आणि त्याचा दर्शनी सज्जा सुरूच्या झाडासारख्या कोरलेल्या खांबांवर तोललेला आहे. संरक्षणाचे काम तहाने इंग्रजांकडे गेल्यावर वाड्याला तटाचे प्रयोजन उरले नव्हते. शिल्पाचे हे सौंदर्य आणि राजकीय पारतंत्र्य यांचा संबंध अभ्यासकाने नजरेआड करू नये.

येथील बाग लाकडात उतरली आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. सुरूदार खांब, त्यांच्या माथ्यावरील केळफुले, महिरपींवरील वेलबुट्टी हे सारे वनस्पतीचे रूप आहे. जमिनीवरची बाग बुजवून तिची प्रतिमा खांबांवर कोरली गेली.

या वाड्याचा उत्तरेतिहास विद्यापीठीय वाचकास विशेष जवळचा आहे. पेशवाईत श्रावणमासी विद्वान ब्राह्मणांस दक्षिणा वाटली जाई आणि तिचा मोठा समारंभ पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात होई. १८१८ मध्ये राज्य गेल्यावर ही प्रथा एकाएकी बंद करणे कंपनी सरकारास इष्ट वाटले नाही. तीच रक्कम विद्येकडे वळवावी, या विचारातून ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडण्यात आली. १८५१ मध्ये ती इंग्रजी शाळेशी जोडून पूना कॉलेज झाले आणि पुढे त्याचेच डेक्कन कॉलेज झाले. पर्वतीखालच्या रमण्यातून निघालेला पैसा विश्रामबागेच्या दिवाणखान्यातून आधुनिक महाविद्यालयापर्यंत पोहोचला. त्या पैशाने जुन्या समाजरचनेतील एकाच वर्गाची विद्या पोसली होती, हे सांगितल्यावाचून मात्र ही परंपरा अभिमानाने सांगता येणार नाही. १८७९ च्या आगीत वाड्याचा मोठा भाग जळाला. त्याच आगीत बुधवारवाडाही नष्ट झाला. विश्रामबागेची दुरुस्ती झाली व तो वापरात राहिला, म्हणून तो आज उभा आहे.

(४) हिराबाग, सारसबाग, पर्वती : जमीन आणि पाणी

विश्रामबागेपासून बाजीराव रस्त्याने सरळ दक्षिणेस गेल्यास हिराबाग येते. नानासाहेबांची ही बाग तलावाच्या काठी होती, हे आज प्रयत्नपूर्वक आठवावे लागते. कारण काठ राहिला नाही आणि तलावही राहिला नाही. कात्रजच्या बाजूने येणारा आंबिल ओढा पूर्वी आजच्या जुन्या शहरामधून वाहत मुठेस मिळत असे. नानासाहेबांच्या काळात तो पर्वतीजवळ अडवून त्याचा प्रवाह वळविण्यात आला आणि डोंगराच्या पायथ्याशी तलाव तयार झाला. काम मंद चालले आहे असे पाहून पेशव्यांनी हत्तीवरून उतरून स्वतः दगड उचलला, अशी कथा आहे. ओढा वळविण्याने दोन गोष्टी साधल्या : बागांना व शोभेला पाणी मिळाले आणि ओढ्याची जुनी वाट नव्या वस्तीस मोकळी झाली. ज्या कात्रजच्या खोऱ्यातून बंद नळाने वाड्यात पाणी जाई, त्याच खोऱ्याचा उघडा प्रवाह येथे तलाव होऊन थांबला होता.

तलावाच्या मध्यभागी बेट राखून तेथे जी बाग केली, ती सारसबाग. सवाई माधवरावांच्या काळी, १७८४ मध्ये, तेथे गणपतीची स्थापना झाली. ‘तळ्यातला गणपती’ हे लोकांच्या तोंडचे नाव तलाव आटल्यावरही टिकले. देवालयाकडे जाताना आजूबाजूची सखल हिरवळ पाहावी : ती जुन्या तळाची जमीन आहे आणि देवालयाचा उंचवटा हे जुने बेट आहे. शनिवारवाड्यातील हिरवळ घराच्या जोत्यावर आहे, सारसबागेतील हिरवळ पाण्याच्या जागेवर आहे. दोन्ही ठिकाणी गवत सारखेच दिसते; इतिहास मात्र भिन्न आहे.

तलावाच्या जागेच्या एका भागात १९५३ मध्ये पेशवे उद्यान उघडण्यात आले व तेथे प्राणिसंग्रह ठेवण्यात आला. सवाई माधवरावांचा शिकारखानाही पर्वतीच्या पायथ्याशीच होता, म्हणून त्या निवडीस जुना आधार होता. १९९९ मध्ये नवे प्राणिसंग्रहालय कात्रज येथे झाले आणि पशू तिकडे गेले. पाणी जेथून आले, तेथे शहराचा हा विभाग परत गेला.

पर्वतीवरील देवदेवेश्वराची स्थापना १७४९ मध्ये नानासाहेबांनी केली. १०३ पायऱ्या चढून वर गेल्यावर देवालयाबरोबरच सर्व फेरीचे स्पष्टीकरण मिळते. दक्षिणेस कात्रजचा घाट, पायथ्याशी तलावाचा खोलगट भाग, त्यापुढे उत्तरेस उतरत गेलेले शहर आणि टोकाला नदी असा तो उतार आहे. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी दुसऱ्या बाजीरावाने खडकीच्या लढाईचे दृश्य येथूनच पाहिले. ज्या टेकडीवरून नानासाहेबांनी शहर रचले, त्याच टेकडीवरून त्यांच्या पुतण्याने ते हातचे जाताना पाहिले.

(५) निष्कर्ष

या फेरीतून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, पेशवेकालीन बाग ही वाड्याचे किंवा देवालयाचे केवळ भूषण नव्हती. पाणी, जमीन व मालकी यांच्या एकत्र येण्याने ती निर्माण होई आणि यांपैकी एकात बदल झाला की तिचे रूप बदले. जमिनीचे मोल वाढले तेव्हा ती पेठ झाली, मालकाला पुण्य व प्रतिष्ठा हवी झाली तेव्हा ती देवालय झाली आणि पाणी आटवले गेले तेव्हा ती मैदान झाली. दुसरी गोष्ट अशी की, आज दिसणारी हिरवळ ही प्राचीन बागेचा पुरावा मानणे धोक्याचे आहे. पुण्यात ती बहुधा कशाच्या तरी अभावाची खूण आहे.

तिसरी गोष्ट जतनासंबंधी आहे. शनिवारवाड्याचा तट, विश्रामबागेचे खांब, तुळशीबागेचे शिखर यांच्या रक्षणाची आवश्यकता सर्वमान्य आहे; कारण त्या वस्तू दिसतात. ज्या नळामुळे व बांधांमुळे हे सारे शक्य झाले, त्यांचे बहुतेक भाग जमिनीखाली आहेत. खडकवासल्याचे पाणी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आल्यावर त्यांची निकड कमी झाली आणि रस्ते व इमारती यांच्या कामांत अनेक उच्छ्वास नाहीसे झाले. वास्तू राखून तिचे पाणी विसरणे म्हणजे ग्रंथाची बांधणी जपून त्यातील मजकूर वाळवीस देणे होय. पुण्याच्या बागांचा अभ्यास करणाऱ्याने म्हणून आपला नकाशा वाड्यांवरून न आखता उतारावरून आखावा. हौदाच्या नावाची प्रत्येक गल्ली, चौकात एकाकी उभा असलेला प्रत्येक उच्छ्वास त्या नकाशावर नोंदला जावा. बागांची नावे लोकांनी दोनशे वर्षे जपली आहेत. त्या नावांखालची जमीन वाचण्याचे काम अभ्यासकांचे आहे आणि नळाचा जो भाग अद्याप शाबूत आहे, तोवरच ते काम करता येण्यासारखे आहे.